पत्र्यावरचं दुसरं नाव

४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी ज्योतीचा फोन. जुन्या दोस्ताची, दिगांबरची पोरगी, मुंबईला दवाखान्यात नर्स. दोन वर्षांत तिचा फोन नव्हता, म्हणून आधी वाईटच मनात आलं. तिच्या आईचं, कमळावहिनीचं काही कमी-जास्त तर नाही? तसं काही नव्हतं. म्हणाली, काका, तुमचा बोर्ड इथं मॉडर्न आर्टच्या म्युझियममध्ये लावलाय. कोणता म्हटलं, तर पेंडीच्या दुकानाचा. बैलाचा.

फोटो पाठवला. खरंच तो. आठ बाय चारचा पत्रा, जमीन, म्हणजे मागचा रंग, पिवळी, ‘सरकी पेंड, भुसा व मीठ मिळेल’, डाव्या हाताला पांढरा बैल. बाळापूरच्या स्टँडसमोर कितीतरी वर्षं होता. दुकानदारानं फ्लेक्स लावलं तेव्हा पत्रा भंगारात गेला. तिथून मुंबईच्या एका चित्रकारानं उचलला म्हणे. असे चाळीस बोर्ड त्यानं गावोगाव फिरून जमवले आणि एका भिंतीवर लावले. खाली कोपऱ्यात माझं नाव: हमीद आर्ट्स, आ. बाळापूर. शेजारी छापील कागद, त्यावरही ‘हमीद, बोर्ड पेंटर’.

बायकोला, शमीमला दाखवला. तिनं फोटो बोटांनी मोठा केला, बराच वेळ बघितला, आणि भाकरी टाकायला गेली.

६ नोव्हेंबर

गावभर झालं. हॉटेलात चहा पाजला लोकांनी. ज्या पोरांनी फ्लेक्सची मशीन आणून माझा धंदा बसवला तेच सेल्फी काढून राहिले. एकानं विचारलं, पेंटरसाब, बैल पण तुमीच काढला का? मी म्हटलं, आमचंच काम आहे.

आमचंच. चांगला शब्द आहे. त्यात कोणीही मावतं.

७ नोव्हेंबर

जायचं ठरवलं. सत्तावन्न वर्षांत मुंबई एकदा पाहिली, ती पण रंगाचे डबे आणायला. म्युझियम कधीच नाही. आपण काढलेलं आपण जाऊन बघायचं नाही तर कोणी? ज्योतीला बुधवारी सुट्टी असते, ती म्हणाली, या, मी सोबत येते. इतक्या लगेच म्हणाली की मलाच नवल वाटलं.

शमीमला म्हटलं तू पण चल. ती म्हणाली, “तुमी जाव. पर आधी बात बोल के नक्को आव.”

मी म्हटलं, कोणती अर्धी बात? चोवीस वर्षं तिच्या हातचा डबा दोघांना गेलाय, मला आणि दिगांबरला. तिला काय सांगायचं.

११ नोव्हेंबर, मंगळवार. नांदेड स्टेशन

गाडीला तासभर आहे. लिहून ठेवतो, नाहीतर हे लिहायचं राहीलच.

दिगांबर राठोड तांड्यावरचा. मी आखाडा बाळापूरचा. वीस-बावीसचे असताना एका सिनेमाच्या तंबूचे बोर्ड रंगवताना भेटलो. मी अक्षरं, तो चित्रं. त्याला लिहिता येत नव्हतं, मला चित्र येत नव्हतं. मी माणूस काढला तर पायजम्याला डोकं लावल्यासारखा दिसायचा. म्हणून दोघांचं मिळून एक दुकान. ‘हमीद-दिगांबर आर्ट्स’. बाळापूर, कळमनुरी, जवळा बाजार, गोरेगाव, सगळीकडं आमचे पत्रे. न्हाव्याच्या बोर्डावरचा मिशीवाला, डॉक्टरच्या बोर्डावरची बाळंतीण, पिठाच्या गिरणीवरची कणसं. चित्र त्याचं, अक्षर माझं, कोपऱ्यात दोघांची नावं. नावं मी लिहायचो, कारण लिहिणारा मीच.

बैल त्याचा आहे. मुंबईला जाऊन बघणार आहे तो बैल.

गाडी लागली.

१२ नोव्हेंबर, बुधवार. दुपार, म्युझियमसमोरची चहाची टपरी

ज्योती आत हात धुवायला गेलीय. तेवढ्यात लिहितो.

सकाळी दहाला ती घ्यायला आली. बापावर गेलीय, तेच रुंद कपाळ. टॅक्सीत फार बोलली नाही. वहिनी बऱ्या आहेत, कापूस वेचायला जातात, एवढंच.

म्युझियम बाहेरून जुन्या दगडाचं, आतून सगळं पांढरं. पिशवी ठेवून घेतली, पाण्याची बाटली ठेवून घेतली. वही नेऊ दिली, पेन नाही, पेन्सिल चालते म्हणाले. दारावरचा गार्ड माझं बोलणं ऐकून म्हणाला, कुठले? मी म्हटलं, हिंगोली. तो परभणीकडचा निघाला. म्हणाला, आत बोर्ड हाय तुमच्याकडचे, बघा, मला तर घरी गेल्यासारखं वाटतं.

आधी बाकीचे मजले पाहिले. मुद्दामच आधी पाहिले. एक मोठा कॅनव्हास, सगळा राखाडी, वर एक लाल रेघ. ज्योती म्हणाली, काका, यात काय आहे? मला सांगता येईना. जवळ जाऊन बघितलं. रेघ डावीकडून उजवीकडं सहा फूट, आणि ब्रश एकदाच भरलेला. मध्ये कुठंच परत रंग घेतलेला नाही. शेवटी शेवटी केस कोरडे पडलेत ते दिसतं, पण हात हललेला नाही. मी तिला म्हटलं, याचा अर्थ मला ठाऊक नाही, पण हा माणूस घाईत नव्हता. असली रेघ मला आयुष्यात चार-पाच वेळा जमली असेल.

दुसऱ्या एका खोलीत नुसते निळ्याचे थर, एकावर एक. खालचा वरून दिसायचा. तिथं मी जास्त थांबलो नाही.

मग आमची भिंत.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा छाती फुगली. चाळीस पत्रे जमिनीपासून छतापर्यंत. किराणा, सायकल दुरुस्ती, बँड, दातांचा डॉक्टर. गंज आहे, खिळ्यांची भोकं आहेत, आणि त्यावर असा उजेड टाकलाय जसा लग्नात नवरीवर टाकतात. मधोमध बैल. लोक थांबून राहिले होते. एक बाई लेकराला म्हणाली, बघ, डोळा कसा ओला वाटतो.

तिथल्या एक मॅडम भेटल्या, सायली मॅडम, पंचविशी-तिशीच्या, या भिंतीचं सगळं त्याच बघतात. ज्योतीनं सांगितलं, हे हमीद पेंटर. त्यांना इतका आनंद झाला की आजूबाजूच्या लोकांना बोलावलं. कॉलेजची दहा-बारा पोरं गोळा झाली. मॅडम म्हणाल्या, सर, सगळे आम्हाला या बैलाबद्दलच विचारतात. हा डोळा तुम्ही कसा काढलात?

मला उत्तर ठाऊक होतं. पांढऱ्याचा ठिपका सगळ्यात आधी टाकायचा, मग त्याच्याभोवती काळा. सगळे उलटं करतात, आधी काळा आणि वर पांढरा. दिगांबर म्हणायचा, उजेड आधी असतो, डोळा नंतर. हे मी शंभर वेळा ऐकलंय. सांगितलं असतं तर माझंच वाटलं असतं.

ज्योती माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. पेशंटला सलाईन लावल्यावर थांबून बघतात तशी.

मी म्हटलं, मी अक्षरांचा माणूस आहे. आणि अक्षरांबद्दल बोलत सुटलो. सुतळीला खडू लावून ओळ कशी मारायची, ‘मिळेल’चा ळ का अवघड. पोरं हसली, टाळ्या वाजवल्या. बैलाचं तसंच राहिलं. ते धरून चालले की तो माझाच.

बाहेर चहाला आलो तेव्हा ज्योती म्हणाली, “काका, मी तुमाला फोन काहून केला असं वाटलं तुमाला?”

मी कप खाली ठेवला.

म्हणाली, बापूनं तो बैल काढला तेव्हा मी शेजारी बसले होते. गोठ्यासमोर बसून आधी कागदावर काढला, मग पत्र्यावर. कोपऱ्यात तुमी दोघांची नावं लिहिली तेव्हा मी तिसरीत होते, मी वाचून दाखवली बापूला. आज कोपरा नीट बघितला का? उजेड बाजूनं येतो तिथं. पिवळ्याखाली बघा.

मग हात धुवायला गेली.

चहा गार झाला. हे लिहून झालं की आत जाणार आहे. तिकीट आहे अजून खिशात.

त्याच दिवशी, साडेपाच, ज्योतीच्या हॉस्टेलसमोरचा बाक

सगळं क्रमानं लिहितो.

आत गेलो. यावेळी बैल नाही बघितला, कोपरा बघितला. ‘हमीद आर्ट्स’, भलं मोठं. त्याखालचा पिवळा बाकीच्या पिवळ्यापेक्षा थोडा वेगळा, नंतर लावलेला. आणि बाजूच्या उजेडात त्या पिवळ्याला कड आलेली. खालच्या इनॅमलची जाडी वर उठते, कितीही झाका. पहिली वेलांटी स्पष्ट. मग ‘ग’ची काठी.

ही अक्षरं माझीच. झाकणाराही मीच.

का झाकली ते कुठंच लिहिलेलं नाही, म्हणून इथं लिहितो. तांड्यावरच्या शाळेची भिंत दिगांबरनं एकट्यानं रंगवली होती, हत्ती, मोर, हरणं. मला न विचारता, तांड्याचं काम म्हणून फुकट. शाळेनं त्याला शाल-नारळ दिला. मी समोर खुर्चीत बसलो होतो. माझं नाव कोणी घेतलं नाही. पण खरी गोष्ट त्याच्याही आधीची. लोक आमच्या पाट्यांपुढं चित्र बघायला थांबायचे आणि अक्षरं वाचून पुढं जायचे. वीस वर्षं मी हे बघत होतो. त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर पाट्यांचे कोपरे उडालेत असं सांगून मी एकटाच डबा-ब्रश घेऊन निघालो. बाळापुरातल्या, जवळा बाजारच्या, गोरेगावच्या पाट्या. कोपरा पिवळा केला, एकच नाव लिहिलं. पॉलिश पेपरसुद्धा मारला नाही, इतकी घाई.

दिगांबरला वाचता येत नव्हतं, पण आपल्या नावाचा आकार त्याला ठाऊक होता. स्टँडसमोर उभा राहून त्यानं विचारलं, हमीद, माझं नाव कुठं गेलं?

मी म्हटलं, “रंग उडाला होता. परत लिहिताना जागा उरली न्हाई.”

तो बरं म्हणाला. त्यानंतर दोन वर्षं माझ्यासाठी चित्रं काढत राहिला. मग हळूहळू येईना झाला. कोरोनात गेला. मातीला मी गेलो नाही, तेव्हा कोणीच कोणाच्या जात नव्हतं, ते कारण मला बरं सापडलं.

सायली मॅडमना शोधून काढलं. म्हटलं, मघाशी मी अर्धं बोललो. बैल माझा नाही. मग कोपरा दाखवला. त्यांनी आतून टॉर्च आणली, आडवी धरली. पत्र्यावर ‘दिगांबर’ उठून आलं, सबंध. त्या म्हणाल्या, सर, हे फारच इंटरेस्टिंग आहे. मी म्हटलं, मॅडम, इंटरेस्टिंग न्हाई. हे मी केलंय.

त्यांनी टॉर्च बंद केली. मग खुर्ची दिली.

त्या चित्रकाराला फोन लावला. चांगला वाटला बोलायला. पाटीवर जे नाव होतं तेच त्यानं छापलं, त्याची काय चूक? म्हणाला, कागदावर दुसरं नाव लगेच घालू, पण पिवळा तसाच राहू द्या, हा या पत्र्याचा इतिहास आहे. मी म्हटलं, इतिहास न्हाई हो, माझा खोटेपणा आहे, तो मी भिंतीवर टांगलेला बघणार न्हाई. तो म्हणाला, विचार करतो.

मॅडमनी सांगितलं, नाव घालायला माझं लेखी निवेदन लागेल आणि दिगांबरच्या घरच्यांची संमती. पिवळा काढायचा तर समिती बसेल, तज्ज्ञ बघतील. तिथंच कागद मागितला आणि पेन्सिलीनं लिहिलं, पाटीवर लिहितो तशा अक्षरात:

हा बैल दिगांबर राठोड यांनी काढला. अक्षरं माझी. दोघांची नावं पाटीवर होती. त्यांचं नाव मी नंतर पिवळ्या रंगानं झाकलं. जागा होती.

ज्योतीनं वाचलं. म्हणाली, याडीला तुमी स्वतः जाऊन सांगा, मी फोनवर सांगणार न्हाई. आईला ती अजून याडीच म्हणते. मग माझ्या पिशवीत पाण्याची बाटली नीट ठेवली आणि हॉस्टेलात गेली. पाया पडली नाही. आधी नेहमी पडायची.

१४ नोव्हेंबर

घरी पोचलो. शमीमला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, म्हणाली, अब तांडे पे कब जा रे? म्हटलं, उद्या.

१५ नोव्हेंबर, शनिवार

वहिनी रानात होत्या. बांधावर थांबलो. त्यांनी बघितलं, पण वेचायला घेतलेली ओळ अर्धी सोडली नाही. कापूस वेचत वेचत शेवटपर्यंत आल्या, ओटीतला कापूस गाठोड्यात टाकला, मग बोलल्या.

मी सांगत गेलो. म्युझियम, बैल, टॉर्च, कागद. मला वाटलं होतं रडतील किंवा शिव्या देतील, दोन्हीची तयारी करून गेलो होतो.

त्यांना ठाऊक होतं. दिगांबरनं त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं, हमीद म्हनला, जागा उरली न्हाई. त्या दिवसापासून तो रिकाम्या वेळी कोळशानं घराच्या भिंतीवर आपलं नाव काढून बघायचा. ज्योतीनं शिकवलं होतं. आज मोठं, उद्या बारीक, परवा त्याहून बारीक. वहिनींनी विचारलं हे काय करून राहिले, तर म्हणायचा, किती जागा लागते ते बघतो. दरवर्षी पोळ्याला भिंत सारवली की पुसायचं. तो परत काढायचा.

म्युझियमचा संमतीचा फॉर्म काढला. म्हटलं, इथं सही लागते, किंवा अंगठा. बोर्डाशेजारच्या कागदावर नाव येईल, आणि पिवळा काढायचं ठरलं तर म्युझियमची माणसं काढतील.

वहिनी म्हणाल्या, “हमीदभाऊ, झाकलं तुमी. मग काढायचं पण तुमीच. त्या मुंबईच्या लोकायनं काहून काढावं?”

म्हटलं, ते मला हात लावू देणार न्हाईत, तिथं सगळं तज्ज्ञ लोक करतात.

त्या म्हणाल्या, तुमी त्यायला विचारलं का?

फॉर्म घडी करून त्यांनी कमरेच्या पिशवीत ठेवला. सही केली नाही. दुसऱ्या ओळीला लागल्या.

१७ नोव्हेंबर, सोमवार

म्युझियमला पत्र टाकलं, मोबाईलवरून पत्राचा फोटोही पाठवला. लिहिलं: वरचा पिवळा मी लावला आहे, तो कोणत्या दिवशी, कोणत्या ब्रशनं, किती पातळ करून लावला हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. काढण्याचं काम मला द्यावं. तज्ज्ञांनी शेजारी उभं राहावं, चुकलो तर हात धरावा.

तीन वेळा वाचलं. विनंती कमी आणि हट्ट जास्त झालाय. तसाच पाठवला.

१९ नोव्हेंबर

सायली मॅडमचा फोन. पत्र समितीपुढं ठेवणार. सांगितलं, आशा कमी आहे, असं आजवर कोणाला करू दिलेलं नाही. चित्रकाराचंही अजून नक्की नाही. आणि घरच्यांच्या सहीशिवाय काहीच हलणार नाही.

शेवटी सहज विचारलं, सर, तुम्हाला खरंच येतं का ते, खालचं न दुखवता वरचं काढायला?

म्हटलं, येतं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की येत नाही. मी जन्मभर रंग चढवलाय. उतरवलाय तो फक्त पुढचा रंग चढवायला, थिनर ओतून, खरवडून.

शिकायला पाहिजे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मोठी चूक केली.

त्या काळात झाकलेल्या पाट्यांपैकी किती शिल्लक ते दोन दिवस फिरून बघितलं. तीन. एक इथंच बाळापुरात, शिंप्याच्या जुन्या दुकानावर. एक जवळा बाजारला पिठाच्या गिरणीवर. एक गोरेगावला. बाकी भंगारात नाहीतर फ्लेक्सच्या मागं ठोकलेले, गंजलेले.

शिंपी म्हणाला, दुकान बंदच आहे, काय करायचं ते करा. शिडी लावली, कापसाला थिनर लावून हलका हात फिरवला. पिवळा सुटायला लागला, मला आनंद झाला, आणखी फिरवला. खालची काळी अक्षरं पण पातळ होऊन पिवळ्यात मिसळली. बोळा काळा झाला तेव्हा कळलं. पुसून घ्यायला गेलो तर ‘गांबर’ गेलंच. ‘दि’ची नुसती सावली राहिली.

म्हणजे त्याचं नाव मी दुसऱ्यांदा पुसलं. यावेळी खरोखरचं.

शिडीवरून उतरलो. शिंप्यानं पाणी दिलं. म्हणाला, पेंटरसाब, सोडून द्या ना आता. कोणाला पडलंय?

मी म्हटलं, मला पडलंय.

२२ नोव्हेंबर

वहिनींना कळवावं लागेल असं रात्रभर मनात होतं, म्हणून उजाडताच गेलो. अर्धी बात नको. सांगितलं की एक पाटी घालवली. त्या दारात चुलीला काड्या मोडत होत्या. म्हणाल्या, अजून किती हायेत? म्हटलं, दोन, आणि मुंबईची. म्हणाल्या, मग जपून करा.

बास, एवढंच. परत येताना सायकलवर मला जरा बरं वाटलं, का ते कळलं नाही.

२४ नोव्हेंबर

मॅडमना खरं सांगितलं: मला येत नाही, शिकवणारं कोणी असेल तर सांगा. त्यांनी तिथल्या तज्ज्ञ बाईंचा नंबर दिला. बाई कडक आहेत. आधी चांगलं झापलं. थिनर ओतलात? मग विचारलं, वरचा थर लावण्याआधी खालचा घासला होता का? म्हटलं, नाही, धूळसुद्धा पुसली नव्हती. त्या म्हणाल्या, हे तुमच्या फायद्याचं आहे. धुळीवर बसलेला रंग खालच्याला धरत नाही. ओलं काही वापरू नका. बारीक पातं, आडवं धरायचं, कडेनं उचलायचं, एका वेळी तांदळाएवढं. आणि थकलात की थांबायचं.

म्हणजे ज्या घाईनं ते पाप केलं त्या घाईमुळंच ते निघू शकतं. यावर हसावं की काय करावं.

२६ नोव्हेंबर

घरामागं पत्र्याचे सहा तुकडे मांडलेत. जुने, इनॅमल मुरलेले, त्यावर माझीच अक्षरं आहेत. त्यावर माती उडवून पिवळा लावला, उन्हात कडक वाळवला. दाढीचं पातं अर्धं मोडून लाकडी दांडीला बांधलं. पहिल्या तुकड्यावर अक्षराला ओरखडे. दुसऱ्यावरही. चष्म्यावर शमीमनं तिचा दुसरा चष्मा चढवायला दिला, सुई ओवायचा. तो लावल्यावर जमायला लागलं.

२९ नोव्हेंबर

पाचव्या तुकड्यावर ‘क’ सबंध निघाला. एकही ओरखडा नाही. चार तास लागले एका अक्षराला. लिहायला अर्धा मिनिट लागतं.

म्युझियमचं उत्तर नाही. चित्रकाराचा मात्र मेसेज आला, इतिहास वगैरे त्यानं यावेळी काही लिहिलं नाही, फक्त विचारलं, दिगांबर राठोडांचा एखादा फोटो मिळेल का. ज्योतीला पाठवला तो मेसेज. तिनं पुढं काय केलं माहीत नाही.

२ डिसेंबर

जवळा बाजार. गिरणीवाला ओळखीचा, त्यानं पाटी उतरवून ओट्यावर भिंतीला टेकवून दिली. वर कणसांचं चित्र, दाणा न् दाणा वेगळा. कोपऱ्यात मी.

सकाळी आठला बसलो. अकरापर्यंत बोटभर जागा मोकळी झाली. गिरणीत पीठ उडत होतं, मान वर केली की डोळ्यात जायचं, म्हणून वर बघणंच सोडलं. त्यामुळं वहिनी कधी आल्या ते कळलं नाही. सावली पडली म्हणून म्हटलं, जरा बाजूला व्हा, उजेड अडतो. सावली हलली. मग बघितलं तर हातात बाजाराची पिशवी घेऊन त्या उभ्या.

गिरणीवाल्याच्या बायकोनं त्यांना सांगितलं होतं म्हणे, पेंटर आलाय.

मी काम चालू ठेवलं. पातं आडवं, एका वेळी तांदळाएवढं. साडेबाराला पिवळ्याची शेवटची खपली उचलली आणि ‘दि’ निघालं. काळं, तुकतुकीत. ऊन लागलं नव्हतं ना इतकी वर्षं, काल लिहिल्यासारखं.

वहिनी खाली वाकल्या. वाचता येत नाही त्यांना, पण आकार ओळखला. बोट जवळ नेलं, लावलं नाही.

“पुढचं?” म्हणाल्या.

मी म्हटलं, पुढं ‘गां’ आहे, वर अनुस्वार आहे, नाजूक काम. डोळा थकलाय, आता घाई केली तर बिघडंल. घंटाभर थांबतो, मग हात लावतो. आज सगळं व्हायचं न्हाई, दोन-तीन दिवस लागतील. तुमची तांड्याची जीप निघून जाईल.

त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली. पदरानं पीठ झटकून जागा केली.

“जाऊ द्या,” म्हणाल्या. “मी बसते.”